‘दुखणे काढणे’ : आजारोत्तर आत्मकथनांचा क्रियापदविचार

गंभीर आजारातून उठलेल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची मराठीत आता एक वेगळी फळी भरली आहे. हृदयविकार, कर्करोग, पक्षाघात, मेरुदंडाचे विकार अशा निरनिराळ्या व्याधींच्या निमित्ताने ही आत्मकथने लिहिली गेली. त्यांच्या आवृत्त्या निघतात. रुग्णाला भेटायला जाताना फळांबरोबर ती नेली जातात. वाङ्मयसमीक्षेने मात्र त्यांची बोळवण ‘प्रेरणादायी’ या एका विशेषणावर केली आहे. विद्यापीठीय प्रबंधिकांतही हे विशेषण प्रकरणाच्या शेवटी शिक्क्यासारखे उमटलेले दिसते. मुळात ते वाचकावर होणाऱ्या परिणामाचे विशेषण आहे. एखादे पुस्तक प्रेरणा देते असे म्हटल्याने त्यातील निवेदनाची घडण, काळाची व्यवस्था, त्यातील ‘मी’चे स्वरूप यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. शिवाय ही प्रेरणा कोणाला मिळते, हाही प्रश्न आहेच. बहुधा ती निरोगी वाचकाला मिळते. जो अजून अंथरुणावर आहे त्याला त्याच पुस्तकातून पुष्कळदा एक नवा धाक मिळतो : इतरांना जे जमले ते आपल्याला का जमत नाही?

प्रस्तुत लेखात या आत्मकथनांकडे त्यांच्या क्रियापदांच्या अंगाने पाहण्याचा विचार आहे. आजारानंतर आयुष्य पुन्हा उभे राहते ते कोणत्या क्रियापदात, असा प्रश्न केला तर या वाङ्मयप्रकाराचे सामर्थ्य आणि त्याच्या पळवाटा दोन्ही स्पष्ट होऊ लागतात.

आजारपणाला साहित्यात जागा का नाही, हा प्रश्न व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली एका निबंधात विचारला होता. प्रेम, युद्ध, मत्सर यांना साहित्याने थोर विषय मानले. ज्वराने किंवा दातदुखीने माणसाच्या आत जी उलथापालथ होते तिच्याकडे पाठ फिरवली, असे त्यांचे म्हणणे होते. भाषेच्या दारिद्र्याबद्दलही त्यांची तक्रार होती. थंडीची शिरशिरी आणि डोकेदुखी सांगायला इंग्रजीजवळ शब्द नाहीत, असे त्यांना वाटत होते. मराठीच्या बाबतीत ही तक्रार टिकणार नाही. कणकण, कसर, ठणका, कळ, चमक, ठसठस, ग्लानी, अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे असा आपला शब्दसंग्रह बारकाव्यांनी समृद्ध आहे आणि तो घराघरातल्या बायकांनी जपलेला आहे. आपली अडचण नामांपाशी नाही, ती क्रियापदांपाशी सुरू होते.

वृत्तपत्रीय मराठीने आजाराला एक क्रियापद कायमचे चिकटवून दिले : ‘मात करणे’. कर्करोगावर मात केली जाते, मृत्यूशी झुंज दिली जाते आणि रुग्ण दगावला की ‘त्यांची झुंज अपयशी ठरली’ असे छापले जाते. या शेवटच्या वाक्प्रयोगातील क्रूरपणा रोजच्या वापराने आपल्याला जाणवेनासा झाला आहे. मेलेला माणूस त्या वाक्यात मृत तर असतोच, वर पराभूतही ठरतो. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कर्करोगाभोवतीच्या या लष्करी रूपकांची आणि ‘विशिष्ट स्वभावाच्या माणसाला विशिष्ट रोग होतो’ या समजुतीची चिकित्सा केली. त्या स्वतः त्या रोगाच्या उपचारांतून गेलेल्या होत्या. तरी त्या पुस्तकात आत्मकथेचा मागमूस ठेवलेला नाही. स्वतःचा अनुभव सांगू लागले की त्यालाही पुन्हा रूपकच बनवले जाईल, अशी धास्ती या संयमामागे असावी.

‘मात करणे’ याच्या शेजारी बोलीतली क्रियापदे ठेवून पाहावीत. माणूस आजारातून ‘उठतो’. त्याच्या दुखण्याला ‘उतार पडतो’. तो हळूहळू ‘हिंडूफिरू लागतो’. आणि या सगळ्याच्या आधी व नंतर तो ‘दुखणे काढतो’. हा ‘काढणे’ विलक्षण आहे. आपण दिवस काढतो, वर्षे काढतो, रात्र जागून काढतो. त्याच रांगेत दुखणेही काढतो. या क्रियापदात शत्रू नाही, रणांगण नाही, जयपराजयही नाही. काळाचा एक अवजड तुकडा इथून तिथे नेण्याची ती क्रिया आहे. दुखणे काढणारा माणूस शूर असेलच असे नाही. पण तो निष्क्रियही नसतो. आजारोत्तर आयुष्याविषयीची एक प्रगल्भ समज या बोलीतल्या प्रयोगात साठलेली आहे आणि आपल्या लिखित आत्मकथनांनी तिचा पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

त्याला व्याकरणाची जोड देता येते. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) आख्यातांची जी व्यवस्था लावली तिच्यात घडून गेलेली क्रिया सांगणारे लाख्यात आणि भूतकाळातील रीत सांगणारे ई-आख्यात यांतील भेद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेला आहे. ‘उठला’, ‘जिंकला’, ‘ठरवले’ ही एका बाजूला. ‘उठे’, ‘चाले’, ‘बसे’ ही दुसऱ्या बाजूला. आजच्या गद्यात या दुसऱ्या रूपांची जागा बरीचशी ‘उठत असे’, ‘चालत असे’ यांनी घेतली असली तरी रीतिभूतकाळाचा अर्थ जिवंत आहे. आता आजारानंतरच्या काळाकडे पाहा. शस्त्रक्रिया ‘झाली’, अहवाल ‘आला’, डॉक्टरांनी घरी ‘सोडले’ ही घटना सांगणारी वाक्ये. त्यानंतरचे सहा महिने, वर्ष, दीड वर्ष मात्र अशा वाक्यांत बसत नाही. सकाळी उठून भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जाणे, गोळ्यांच्या वेळा, बेचव जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी फाटकापर्यंतची फेरी : हे सगळे एकदा घडत नाही, रोज घडते. आणि रोज घडते म्हणूनच त्यातून काही उभे राहते. पुनर्बांधणीचा काळ हा रीतिवाचक काळ आहे.

कथनमीमांसेने या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पाहिले आहे. जेरार जेनेत यांनी प्रूस्तच्या कादंबरीचे विश्लेषण करताना वारंवारितेचा मुद्दा पुढे आणला : अनेकदा घडलेले एकदाच सांगणे, म्हणजे आवर्ती कथन, हे पारंपरिक कादंबरीत मुख्य प्रसंगाचे चाकर असते, पार्श्वभूमी रंगवून ते बाजूला होते. प्रूस्तने त्याला स्वायत्त केले, असे जेनेत दाखवतात. आजारोत्तर आत्मकथनांचा पेच नेमका येथे आहे. त्यांचा खरा विषय आवर्ती आहे, पण त्यांना उपलब्ध असलेला आत्मचरित्राचा साचा प्रसंगप्रधान आहे. आत्मचरित्र शेवटाकडून लिहिले जाते. लेखक बरा झालेला असतो. म्हणून तर तो लिहीत असतो. त्या शिखरावरून मागे पाहताना मधली सपाट जमीन दिसत नाही, वळणे तेवढी दिसतात. परिणामी मधला काळ ‘असे काही महिने गेले’ अशा एका वाक्यात लोपतो आणि त्या लोपाच्या जागी एखादा निर्णयाचा क्षण आणून बसवला जातो. ‘त्या रात्री मी ठरवले’ या धाटणीचे वाक्य आले की समजावे, येथे बराच काळ गिळला गेला आहे.

‘प्रेरणा’ हे नाव या गिळलेल्या काळाला मागाहून दिलेले असते, असे मला वाटते. प्रत्यक्षात रोज थोडे चालल्याने चालण्याची इच्छा तयार झालेली असते. कथनात मात्र इच्छा आधी येते आणि चालणे तिचे फळ म्हणून येते. कार्यकारणाची ही उलटापालट निरागस नाही. तिच्यामुळेच अंथरुणावरचा वाचक इच्छेची वाट पाहत पडून राहतो.

कॅनडातील समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजारकथनांचे जे वर्गीकरण मांडले ते आता बरेच रूढ झाले आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आणि लगेच पुढच्या वर्षी कर्करोग असा दुहेरी अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पूर्ववत होण्याची कथा, विस्कटलेपणाची कथा आणि शोधाची कथा असे तीन नमुने ते सांगतात. पहिलीत औषध नायक असते. दुसरीत नायकच नसतो, कारण जो बुडत असतो त्याला कथा सांगता येत नाही. तिसरीत आजार हाच प्रवास होतो आणि रुग्ण काहीतरी मिळवून परततो. ही त्रयी उपयुक्त आहे; आपल्याकडील बहुतेक पुस्तके पहिल्या आणि तिसऱ्या कप्प्यात बिनतक्रार बसतात. पण ती बसतात म्हणूनच मला त्रयीविषयी शंका येते. ती कथानकांची त्रयी आहे आणि आजारोत्तर काळाचे वैशिष्ट्य तर असे की, त्याला कथानक नसते. विशेष म्हणजे फ्रँक यांनीच त्याच ग्रंथात एक अधिक मूलगामी कल्पना मांडली आहे. वरकरणी बरे असलेले पण कधीच पूर्ण रोगमुक्त न ठरणारे लोक मिळून एक समाज होतो, असे ते म्हणतात. त्याला मराठीत ‘उतार पडलेल्यांचा समाज’ म्हणता येईल. या समाजातील नागरिकाला परतायला घर नसते. त्याला दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते. त्याची कथा वरच्या तिन्ही कप्प्यांबाहेर पडते आणि फ्रँक यांनी तिच्यासाठी चौथा कप्पा केलेला नाही.

मराठीकडे वळताना डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) या पुस्तकापाशी थांबणे भाग आहे. गडचिरोलीत ग्रामीण व आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारा, सेवाग्रामच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेला हा डॉक्टर १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराने स्वतःच रुग्ण झाला. पुस्तकात त्यामुळे दोन निवेदक एकत्र नांदतात. एक संशोधक, जो स्वतःच्या शरीराकडे आणि दिनक्रमाकडे अभ्यासविषय म्हणून पाहतो. दुसरा साधक, जो मृत्यूच्या सान्निध्याने अंतर्मुख झाला आहे. शीर्षक या दुसऱ्याने दिले आहे. ‘साक्षात्कारी’ हे विशेषण रोगाला लावण्यात भाषिक धाडस आहे. परंतु त्याने पुस्तकाच्या वाचनाची दिशाही ठरवून टाकली. साक्षात्कार हा क्षणाचा असतो. संतचरित्रांच्या रूढ रूपबंधात तो आयुष्याचे दोन तुकडे करतो आणि पहिला तुकडा अज्ञानाचा ठरवतो. ‘आजारापूर्वीचा मी’ आणि ‘आजारानंतरचा मी’ ही आपल्या आजारकथनांतील लाडकी विभागणी, ‘हा माझा पुनर्जन्म’ हे त्यांतील लाडके वाक्य, ही दोन्ही त्याच परंपरेची देणगी आहे.

पुस्तकातील कसदार पाने मात्र साक्षात्काराची नाहीत. ती आहार, चालणे, योगासने, प्राणायाम, ध्यान यांविषयीची आहेत. तेथे रोज करायच्या गोष्टी येतात आणि त्या सांगताना निवेदन अपरिहार्यपणे रीतिवाचक होते. असंख्य हृदयरुग्णांनी हे पुस्तक हाताशी ठेवायची पोथी म्हणून वापरले, हे उपहासाने सांगण्यासारखे नाही. पोथीची रचनाही आवर्तनासाठीच असते. येथे संतपरंपरेचाच दुसरा, कमी लखलखीत धागा आठवावा : अभ्यास. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अभ्यासयोगाचे माहात्म्य सांगताना ज्ञानदेव वाघ-सर्प माणसाळण्याचे आणि विषही पचनी पडण्याचे दाखले देतात. केमोथेरपीच्या काळात, जेव्हा विष पचनी पाडणे हा अलंकार न राहता शब्दशः उपचार झाला आहे, तेव्हा तो दृष्टान्त वाचताना क्षणभर थबकायला होते. साक्षात्कार आणि अभ्यास ही दोन्ही सूत्रे परंपरेत होती. बंगांच्या पुस्तकाचे शरीर अभ्यासाचे आहे, नाव साक्षात्काराचे. त्यांच्यामागून लिहिणाऱ्या अनेकांनी नाव तेवढे उचलले.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘मला हा रोग का झाला’ हा प्रश्न बंग विचारतात आणि त्याची उत्तरे स्वतःच्या आहारात, धावपळीत, ताणात, क्रोधात शोधतात. हृदयविकाराच्या बाबतीत या शोधाला शरीरशास्त्राचा बराच आधार आहे, आणि तो शोध घेणारा स्वतः वैद्यकशास्त्रज्ञ आहे. हाच नमुना कर्करोगाच्या कथनांत गेला की त्याचे रूप पालटते. तेथे ‘मी सगळे मनात दाबून ठेवत गेले’ हे कारण म्हणून सांगितले जाते आणि रुग्ण आपल्या पेशींच्या वर्तनाची नैतिक जबाबदारी स्वतःवर घेतो. सोंटॅग यांचा आक्षेप येथे पूर्णपणे लागू पडतो.

‘साक्षात्कारी हृदयरोग’ या शीर्षकाशेजारी ‘चाकाची खुर्ची’ हे शीर्षक ठेवले की दोन भिन्न काव्यशास्त्रे समोर येतात. नसीमा हुरजूक यांच्या या आत्मकथनाने (२००१) नावात विशेषण घेतले नाही, वस्तू घेतली. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या मुलीच्या कथेत बरे होणे नाहीच. त्यामुळे पूर्ववत होण्याचे कथानक आपोआप रद्द होते. उरतो तो व्यवहार : बसणे, सरकणे, जिन्यांचा प्रश्न, शौचाचा प्रश्न, नोकरी. तिच्या आयुष्याला वळण देणारी भेट म्हणून बाबुकाका दिवाण यांच्या भेटीचा उल्लेख नेहमी होतो आणि ती ‘प्रेरणा’ म्हणून सांगितली जाते. पण दिवाण स्वतःच कमरेखालच्या पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीवर होते, ही गोष्ट मला अधिक अर्थपूर्ण वाटते. अशा माणसाकडून मिळते ती स्फूर्ती कमी आणि माहिती अधिक : या शरीरासह दिवस कसा काढायचा याची माहिती. कोल्हापुरात १९८४ मध्ये हुरजूक यांनी उभी केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था या माहितीचेच संस्थारूप म्हणता येईल. वाङ्मयीन घडणीच्या दृष्टीने या पुस्तकाच्या मर्यादा आहेत. उत्तरार्धात संस्थेचा इतिहास ‘मी’ला झाकून टाकतो. तरी उंबरठा, पायरी, संडास या वस्तूंना आत्मकथनात जी निर्णायक जागा येथे मिळाली ती मराठीत विरळा आहे.

प्रेरणेची मागणी कोण करतो, हा प्रश्न सर्वांत तीक्ष्णपणे विचारला तो ऑड्री लॉर्ड यांनी. या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीची १९७८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या अनुभवावरील रोजनिशीवजा पुस्तक १९८० मध्ये आले. रुग्णालयात त्यांना भेटायला एक सद्हेतू स्वयंसेविका येते आणि गेलेल्या स्तनाच्या जागी ठेवायचा एक लोकरीचा, फिक्या गुलाबी रंगाचा गोळा देऊन जाते. पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यात लॉर्ड तो न घालता जातात, तेव्हा तेथील परिचारिका त्यांना सांगते की, असे आल्याने दवाखान्यातील इतरांचे मनोधैर्य खचते. या एका प्रसंगावर लॉर्ड यांनी उभा केलेला युक्तिवाद अजून शिळा झालेला नाही. इस्राएलचे सेनानी मोशे दायान यांनी डोळ्यावर पट्टी बांधली तर काचेचा डोळा बसवा असे त्यांना कोणी म्हणत नाही. बाईने मात्र काही घडलेच नाही असे दिसावे. मनोधैर्य हे येथे रुग्णाचे नसून पाहणाऱ्यांचे आहे, आणि ते राखण्याचे काम रुग्णाने करायचे आहे.

लॉर्ड यांच्या पुस्तकाचा रूपबंध या विचाराला साजेसा आहे. त्यात रोजनिशीतील नोंदी आणि नंतर लिहिलेले निबंध एकमेकांत गुंफलेले आहेत. निबंधातला ‘मी’ स्थिर, तर्कनिष्ठ, संतप्त आहे. नोंदींतला ‘मी’ घाबरतो, थकतो, तेच तेच पुन्हा म्हणतो. नंतर शहाण्या झालेल्या लेखिकेने आधीच्या भेदरलेल्या लेखिकेला पुसून टाकलेले नाही. रोजनिशीला पुढचे माहीत नसते. म्हणून तिच्यात ‘त्या रात्री मी ठरवले’ हे वाक्य आले तरी दुसऱ्या दिवशीची नोंद त्याची परीक्षा घेते. मराठीत आजारपणातील रोजनिशा लिहिल्या गेल्या नाहीत असे नाही. पुस्तक करताना त्या ‘सुसंगत’ केल्या जातात, हे आपले दुर्दैव. संपादकांनी आणि प्रकाशकांनी या सुसंगतीचा हव्यास थोडा आवरला तर बरे.

येथवरच्या विवेचनात एक गृहीत दडलेले आहे आणि ते उघड केलेच पाहिजे. दुखणे काढायला अंथरूण लागते, रजा लागते, पथ्याचे अन्न लागते आणि ते शिजवून देणारे दुसरे माणूस लागते. ज्याला हे नाही त्याच्यासाठी मराठीत त्याच क्रियापदाचा दुसरा प्रयोग आहे : दुखणे ‘अंगावर काढणे’. एका शब्दाच्या भरीने अर्थ केवढा बदलतो! दुखणे काढणारा थांबलेला असतो; अंगावर काढणारा चालू असतो. पहिल्याच्या आजारपणाला आदी आणि अंत असतो, दुसऱ्याच्या आजारपणाला नाव नसते. दलित आत्मकथनांत आजारोत्तर पुनर्बांधणीचे असे वेगळे प्रकरण सहसा का आढळत नाही, याचे उत्तर या प्रयोगात आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) कोवळ्या वयातील बाळंतिणींचे, त्यांच्या उपासमारीचे, दगावण्याचे जे वर्णन येते त्यात बाळंतपणानंतरचा विश्रांतीचा काळ असा काही उरतच नाही, पोटाला घालायलाच काही नसते. तेथे वापरलेले रीतिवाचक रूप एका व्यक्तीच्या सवयीचे नाही, वस्तीच्या नित्याचे आहे. ‘अशा बायका मरत’ हे वाक्य आणि ‘मी रोज सकाळी चालत असे’ हे वाक्य व्याकरणाने सख्खे आणि अनुभवाने परस्परांपासून कोसो दूर आहेत. माझ्या मांडणीला ही वस्तुस्थिती एक बंधन घालते. रीतिवाचकता ही आपोआप पुनर्बांधणीची खूण नव्हे. ती हळूहळू मारणाऱ्या काळाचीही भाषा असू शकते. दोन्हींतील फरक करायचा तर रोजच्या क्रियेत कणभर तरी वाढ होते आहे का, कालच्यापेक्षा आज एक पायरी अधिक चढली गेली का, हे पाहावे लागते. आणि ती पायरी चढायला अवकाश कोणी दिला, हेही.

मध्यमवर्गीय घरातही हा अवकाश सर्वांना सारखा नसतो. पुरुष आजारातून उठला म्हणजे तो फेरफटका मारू लागतो; बाई उठली म्हणजे ती चुलीपाशी जाते. तिचे बरे होणे घरच्यांना कळते ते पोळ्यांवरून. स्त्रियांनी लिहिलेल्या आजारकथनांत स्वयंपाकघरातील पहिला दिवस विजयाचा प्रसंग म्हणून वारंवार येतो, तेव्हा तो विजय कोणाचा, असा प्रश्न वाचकाने निवेदिकेच्या खांद्यावरून विचारायला हरकत नाही. दुसरीकडे, कणीक मळण्याच्या त्या ओळखीच्या हालचालीत हाताला हात परत मिळाल्याचा जो आनंद असतो तोही खोटा म्हणता येत नाही. चांगले आत्मकथन दोन्ही शक्यता उघड्या ठेवते.

आत्मचरित्रापेक्षा कवितेला हा काळ अधिक मानवतो का? रवीन्द्रनाथांच्या अखेरच्या चार वर्षांतील संग्रहांकडे पाहता तसे म्हणावेसे वाटते. सप्टेंबर १९३७ मध्ये विसर्पाच्या विकाराने ते बेशुद्ध झाले आणि मृत्यूच्या काठावरून परतले. त्या अनुभवातून ‘प्रान्तिक’ (१९३८) आला. हा संग्रह अजून काठाचा आहे. त्यात अंधार आहे, महाकाय प्रतिमा आहेत, आणि आपल्या चर्चेच्या परिभाषेत सांगायचे तर तो साक्षात्काराच्या बाजूचा आहे. सप्टेंबर १९४० मध्ये कालिम्पोंगला ते पुन्हा गंभीर आजारी पडले. त्यानंतरचे ‘रोगशय्याय’ (१९४०) आणि ‘आरोग्य’ (१९४१) हे संग्रह स्वभावाने वेगळे आहेत. स्वतःच्या हाताने लिहिणे कठीण झाल्याने यातील पुष्कळ कविता त्यांनी सांगितल्या आणि भोवतालच्या माणसांनी उतरवून घेतल्या. कवीची महाकाय प्रतिमासृष्टी येथे आटून जाते. पहाटे येणाऱ्या एका चिमणीला उद्देशून कविता होते. शुश्रूषा करणारे हात येतात, खिडकीतला उजेड येतो. दर सकाळी येणारी चिमणी ही घटना नव्हे. ती आली नाही तर घटना होईल. आजाऱ्याच्या जगाचे इतके नेमके परिमाण गद्य आत्मकथनांत क्वचित सापडते.

‘आरोग्य’ या नावातील उपरोध वाचकाला नंतरच्या इतिहासामुळे कळतो. कवीला आरोग्य लाभलेच नाही. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे रोगमुक्ती न होता आरोग्य शक्य आहे, असा या शीर्षकाचा दावा ठरतो. तो अध्यात्माच्या आधारे समजावून सांगणे सोपे आहे आणि बहुतेक भाष्यकारांनी तसे केलेही आहे. मला या संग्रहातील ‘ओरा काज करे’ या नावाने ओळखली जाणारी कविता त्या दावाचा अधिक भक्कम पुरावा वाटते. आरामखुर्चीतला वृद्ध कवी साम्राज्यांच्या येण्याजाण्याचे चित्र मनाशी पाहतो. पठाण गेले, मोगल गेले, इंग्रजही जातील. त्या साऱ्या धूळधाणीखाली त्याला दिसतात ती वल्ही धरणारी, पेरणारी, कापणी करणारी माणसे. ही माणसे कवीला धीर देण्यासाठी काम करीत नाहीत. त्यांना तो माहीतही नाही. त्यांच्यापैकी कित्येक दुखणे अंगावर काढत असतील. कवितेला उमेद नावाची गोष्ट कोठे भेटत असेल तर ती स्वतःच्या आत पाहताना नव्हे, त्यांच्या हालचालींच्या लयीत. आणि ज्या वाक्याने ती ओळखली जाते त्याचे क्रियापद निर्णयाचे नाही, विजयाचेही नाही. कर्ता तृतीयपुरुषी अनेकवचनी, काळ साधा वर्तमान, अर्थ रीतीचा : ते काम करतात. काम थांबलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हाताने उतरवून घेतलेले ते वाक्य आहे.